आगळाच्या रांगेतली हिरवी बाटली

ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली की धाकटा भाऊ मला दिंडोरीला बागेत घेऊन जातो. आता पाय साथ देत नाहीत, म्हणून मी बांधावर खुर्ची टाकून बसतो. कात्र्यांचा आवाज एका ओळीतून दुसऱ्या ओळीत सरकत राहतो, खाली पानांचा थर साचतो, आणि सकाळी गच्च हिरवा असलेला मांडव दुपारपर्यंत उघडा पडून त्यातून आभाळ दिसायला लागतं. थोड्या वेळानं कापलेल्या काड्यांच्या टोकांशी पाणी जमतं. थेंब फुगतो, थांबतो आणि मातीत पडतो. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. मुळं जागी आहेत याची ती खूण. भाऊ तर खूश होतो. मला मात्र अलीकडे त्या थेंबांकडे बघवत नाही.

"दादा, ऊन लागतंय का?" भाऊ विचारतो. मी हो म्हणतो. ऊन लागत नसतं.

मला आठवत असतो तो दोह्यातला हंगाम, आणि एक हिरवी बाटली. त्या बाटलीपायी एक माणूस चोर ठरून घरी पाठवला गेला. त्यानं चोरी केली नव्हती. हे मला आज कळलेलं नाही. तेव्हाही माहीत होतं.

फुटबॉलच्या वर्ल्ड कपच्या आधीची ती वर्षं ज्यांनी तिथे काढली त्यांना वेगळं सांगायला नको. ज्या रस्त्यानं संध्याकाळी घरी यावं तो सकाळी बंद असायचा, आणि लाल-पांढऱ्या अडथळ्यांमधून वळसे घेत आपण भलतीकडेच निघायचो. धूळ एसीच्या जाळीतून घरात यायची, धुतलेल्या ताटावर बसायची. एरवी कुठल्याही बांधकामाला उशीर होतो, लोक चालवून घेतात. आमच्या कामाची शेवटची तारीख मात्र सगळ्या जगाला पाठ होती. त्यामुळे जो तो कुणाला तरी घाबरून असायचा. मजूर फोरमनला, फोरमन आम्हाला, आम्ही वरच्यांना, आणि वरचे, कोण कधी पाहणीला येऊन उभं राहील याला. साइटवर दिवसभर 'यल्ला, यल्ला', म्हणजे चला, उरका, असं चालायचं. तो शब्द टीव्हीवर जरी कानावर पडला तरी अजून मी घड्याळ बघतो.

मी प्लॅनिंगमध्ये होतो. अल खोरच्या बाजूला एका स्टेडियमच्या बाहेरच्या रस्त्यांचं काम आमच्या कंपनीकडे होतं. राहायला आम्ही अल दुहैलच्या कंपाउंडमध्ये होतो, मी आणि सुनंदा. सुनंदा वेंगुर्ल्याची. लग्नाला इतकी वर्षं होऊनही ती नाशिकची झाली नाही, दोह्याची तर नाहीच. दर सुट्टीहून येताना तिच्या बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळलेल्या आगळाच्या बाटल्या असत. कोकमाचा तो काळपट लाल रस स्वयंपाकघराच्या फळीवर वर्षभर रांगेनं उभा असायचा, आणि शुक्रवारी सोलकढी झाली नाही तर तिला शुक्रवार झाल्यासारखा वाटायचा नाही.

द्रागान आमच्याकडे सर्व्हेअर होता. मॉन्टेनेग्रोचा. हा देश नकाशात मला शोधावा लागला होता. तो म्हणायचा, आमच्याकडे अंगणात भोपळा ठेवता येत नाही, गडगडत तळ्यात जातो. आणि मला नशिबानं आणलं कुठे, तर जिथे लेव्हल लावून बघावं तर सगळंच लेव्हल. त्याच्या वडिलांची द्राक्षबाग स्कादर नावाच्या मोठ्या तळ्याच्या वर, डोंगराच्या उतारावर होती. सगळा खडकच. दगडांच्या ताली रचून, त्यांच्यामागे टोपल्यांनी लाल माती वाहून वेली लावलेल्या. मांडव नाही, तारा नाहीत. गुडघ्याएवढी वेल, म्हाताऱ्यासारखी वाकलेली. त्यांच्या काळ्या द्राक्षाचं नाव व्रानात्स. त्याचा रस हाताला लागला की नाताळापर्यंत जात नाही, असं सांगताना तो आपले गोरे तळवे असे बघायचा की जणू रंग आत्ताच गेलाय.

आमच्या घरी द्राक्षं आहेत हे कळल्यापासून तो मला कोमशिया म्हणायला लागला. त्यांच्या भाषेत शेजारी. आमच्या घरांमध्ये वाळवंटातला तासाभराचा रस्ता होता, पण वेली लावणारे सगळे त्याच्या हिशेबात शेजारीच. कामावर वाद झाला तरी जेवणाच्या सुट्टीत आम्ही पत्र्याच्या ऑफिसात समोरासमोर बसून द्राक्षांवरच बोलायचो. मी त्याला सांगितलं की आमच्याकडे वर्षातून दोनदा छाटणी होते. त्यानं हातातला ब्रेड खाली ठेवला.

"तुम्ही आईला वर्षातून दोनदा बाळंत करता?"

मी समजावलं, फळ एकदाच. एप्रिलची छाटणी काडी तयार करायला, ऑक्टोबरची फळाला. आमच्याकडे हिवाळा असा नसतोच, त्यामुळे वेल आपणहून झोपत नाही, सगळं आम्हालाच ठरवावं लागतं. तो बराच वेळ मान हलवत राहिला. मग म्हणाला, म्हणजे तुमच्या वेलीही आपल्यासारख्याच, सुट्टी मंजूर नाही.

अल खोरच्या त्याच्या व्हिलाच्या मागच्या अंगणात त्यानं एक वेल लावली होती. वडिलांच्या बागेतली काडी, ओल्या फडक्यात गुंडाळून मोज्यात घालून आणलेली. ती जगली, भिंतीवर चढली, पण झोपेना. त्यांच्याकडे ऐन थंडीत पानं गळून वेल निपचित पडते आणि फेब्रुवारीत संत त्रिफुनच्या दिवशी घरातला वडीलधारा माणूस बागेत जाऊन पहिली काडी कापतो. कापलेल्या जागी आदल्या हंगामाची वाइन ओततो. बस, एवढाच विधी. वाइन मातीत गेली की वर्ष सुरू झालं. द्रागान दोन वर्षं फेब्रुवारीची वाट पाहून थकला होता; अंगणातली वेल हिरवीच्या हिरवी. शेवटी मी त्याला म्हटलं, आता नाशिकवाल्याचं ऐक, पावसाळा संपल्यासारखं कर, पाणी तोड. तो नाइलाजानं तयार झाला. वेलीला उपाशी ठेवायला सांगणारा शेजारी, असं माझं नाव पडलं.

त्याच्या वडिलांनी त्या पहिल्या छाटणीसाठी वाइन पाठवली होती. गावाकडचा कोणी येताना सामानातून घेऊन आला. दारू बाहेरून आणायला त्या देशात बंदी, हे आणणारा, द्रागान आणि मी, तिघांनाही माहीत होतं. म्हाताऱ्याला समजावणार कोण? जाड हिरव्या काचेची बाटली, तोंडावर मेण, आणि गळ्याभोवती तांब्याची बारीक तार पिळून केलेला फासा, उन्हाळ्यात विहिरीत सोडायला. ती आली आणि महिन्याभरात वडील गेले. द्रागाननं रजा मागितली. आमच्या रस्त्याचा एक टप्पा तेव्हा हस्तांतराला आला होता. रजा मिळाली नाही.

त्या शरदात सगळ्याच कंपाउंडमध्ये आणि व्हिलांमध्ये तपासण्या होणार असल्याचं पसरलं. वायरिंग, गॅस, जास्तीचे राहणारे, सगळंच बघणार होते. द्रागान एके दुपारी ती बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्या गाडीत ठेवून गेला. म्हणाला, तुझ्या घरात रोज सकाळी पूजेची घंटा वाजते, तुझ्याकडे कोण बघणार? वहिनींना मात्र सांग. मी म्हटलं, सांगितलंय, काळजी करू नकोस.

सांगितलं नव्हतं. सुनंदाला वाइन घरात चालली नसती, निदान मला तसं वाटलं, आणि तिला विचारण्यापेक्षा मी स्वतःच्या हुशारीवर विसंबलो. बाटली आगळाच्या रांगेत, मागच्या बाजूला उभी केली. रंग तोच. कुणीही बघितलं असतं तर फसलं असतं. मी लांबून दोनदा पाहून खात्री करून घेतली आणि स्वतःवर खूश झालो.

काही दिवसांनी ऑफिसातून आलो तर ती बाटली सिंकजवळच्या जाळीवर पालथी घातलेली. तांब्याच्या तारेला पाण्याचे थेंब लागले होते.

सुनंदा नारळ खवत होती. मान वर न करता म्हणाली, "ह्या आगळ आंबला होता. कोणी दिल्यान तुमका?"

मी ऑफिसातल्या कोणा रत्नागिरीच्या माणसाचं नाव घेतलं. असा माणूसच नव्हता. ती म्हणाली, त्याला सांगा मीठ कमी पडलं, वास सुद्धा सहन होत नव्हता, सगळं ओतून दिलं. मी सिंककडे पाहिलं. स्टील लख्ख होतं. ती बाटली टाकून दे, असं मी तिला दोनदा सांगितलं. ती हो म्हणाली.

इथून पुढचं सगळं मी केलं. तिच्या हातून झाली ती नकळत झालेली चूक होती, आणि कोकणातल्या कुठल्याही बाईनं तेच केलं असतं.

तपासण्यांची फेरी संपली आणि द्रागाननं बाटली मागितली. आम्ही साइटवरून परत येत होतो, गाडी मी चालवत होतो. खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण त्याच्या बापाची शेवटची वाइन नासलेलं आगळ म्हणून मोरीत गेली, हे वाक्य मला जमेना. त्यापेक्षा कुणीतरी नेली हे बरं, असं त्या क्षणी वाटलं. नेलेल्या वस्तूला निदान किंमत असते. मी म्हणालो, गेटवर गाडी तपासली, काढून घेतली, पुढे काही केलं नाही हे नशीब. तुला सांगायचा धीर होत नव्हता.

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्यामुळे तू अडचणीत आलास, म्हणाला. मी रस्त्यावरची नजर काढली नाही. मनात मी हिशेब केला होता की गेट म्हणजे कोणी माणूस नव्हे.

पण आमच्या गेटवर दुपारी एकच माणूस असायचा. नेपाळी, तरुण, बारीक चणीचा. माझी गाडी दिसली की आधीच दांडा वर करून उभा राहायचा आणि "नमस्ते अंकल" म्हणायचा. सुनंदा कधी त्याला लाडू द्यायची. वर्ल्ड कपपर्यंत इथे राहून एक तरी सामना आत बसून बघायचा, असं त्यानं तिला सांगितलं होतं. छातीवर नावाची पट्टी होती. मी ती कधी वाचली नव्हती.

द्रागान त्याच्याकडे भांडायला गेला नाही. ते असतं तर एक वेळ बरं झालं असतं. त्यानं त्याला बाजूला घेऊन विनवलं, की वाइन प्यायला असशील तर असू दे, बाटली तेवढी परत दे; रिकामी असली तरी चालेल, माझ्या वडिलांची आहे. तो पोरगा गोंधळून नाही नाही म्हणत राहिला, आणि नेमका पहारेकऱ्यांचा सुपरवायझर तिथे आला.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडच्या मॅनेजरनं मला बोलावलं. खोलीत एसी इतका होता की माझे हात गार पडले होते. सुपरवायझर खुर्चीत, पहारेकरी भिंतीला लागून उभा, टोपी हातात. बरवा अल बराहाला, मजुरांच्या वसाहतीत, तो राहत होता तिथली त्याची कॉट आणि पेटी आधीच उपसून झाली होती. काही सापडलं नव्हतं, आणि तेच त्याच्यावर उलटलं होतं. म्हणजे प्यायला किंवा विकली.

मला पाहून त्याचा चेहरा सुटला. आता हे अंकल सांगतील, असा भाव होता तो. सुपरवायझरकडे वळून तो म्हणाला, "सर, अंकल की गाड़ी तो मैंने कभी खोली ही नहीं."

"खोली नहीं?" सुपरवायझर म्हणाला. "तो फिर गेट पर करता क्या है तू?"

त्याच्या लक्षात आलं की खरं बोलून आपण दुसऱ्या गुन्ह्यात सापडलो. मॅनेजरनं मला विचारलं, यानं तुमच्या गाडीतून काही घेतलं का? अगदी सौम्यपणे विचारलं. त्याला पोलीस नको होते, त्या महिन्यांत कुणालाच नको होते. एका 'नाही'नं तो मुलगा सुटला असता. पण मग बाटली गेली कुठे, ती गाडीत होती का, घरात होती का, घरात कोण होतं, असे प्रश्न ओळीनं मला समोर दिसायला लागले. सिंकमध्ये बाटली ओतणारा सुनंदाचा हात दिसला.

मी म्हणालो, "मला नीट आठवत नाही."

मॅनेजर म्हणाला, "खलास." प्रकरण मिटलं. आठवड्याभरात गेटवर दुसरा माणूस आला. तो प्रत्येक गाडीची डिकी उघडून बघायचा आणि लोक कटकट करायचे.

त्यानंतरचा हिवाळा दोह्यातला सगळ्यात सुंदर हिवाळा होता. संध्याकाळी समुद्रावर लोक चटया टाकून बसायचे. मी गेटवरून जाताना काच खाली करत नसे. द्रागान पूर्वीपेक्षा जास्त जवळ आला होता. माझ्यासाठी तू धोका पत्करलास, असं तो इतरांसमोरही म्हणायचा. मी विषय बदलायचो. पाणी तोडल्यानं त्याची वेल पिवळी पडत चालली होती आणि तो मला रोज तिचा हालहवाल सांगायचा.

फेब्रुवारीत एका सकाळी त्याचा फोन आला. शेवटचं पान गळलं, वेल झोपली. शुक्रवारी कापायची, आणि नाशिकवाल्यानं सोबत यायचं. सुनंदा म्हणाली, आधी त्यांना जेवायला आणा.

जेवण झकास झालं. सुरमई तळलेली, भात. सुनंदा नारळाचं दूध घेऊन आली आणि म्हणाली की सोलकढी पाहुण्यांसमोरच करते, रंग कसा येतो ते बघू देत. मग तिनं वरच्या कपाटातून नवीन आगळाची बाटली काढली. हिरवी, जाड काचेची. गळ्यात तांब्याची तार.

चांगली काच ती कधी टाकत नसे. हे मला माहीत असायला हवं होतं.

पांढऱ्या दुधात लाल धार पडली. द्रागान त्या बाटलीकडे बघत होता. मी माझ्या ताटाकडे. त्यानं सुनंदाला इंग्रजीत विचारलं, ही बाटली छान आहे, कुठली? तिला आवडतं असं कुणी विचारलेलं. मोडक्या इंग्रजीत, हातवारे करत तिनं सगळी गोष्ट रंगवून सांगितली: ह्यांच्या ऑफिसातल्या माणसानं आगळ दिलं, ते असं आंबलेलं की नाक धरून ओतावं लागलं, पण बाटली मजबूत, म्हणून उकळत्या पाण्यानं धुऊन ठेवली. द्रागाननं शेवटपर्यंत ऐकलं. वाटीतली सोलकढी संपवली. म्हणाला, फार चांगली आहे, आणि ही बाटली मला द्याल का, आहे तशी, भरलेली? तिनं आनंदानं दिली.

मी चपला घालून त्याच्यामागे गाडीपर्यंत गेलो. बाटली छातीशी धरून तो उभा राहिला.

"ती वाइन मातीतच ओतायची होती, कोमशिया," तो म्हणाला. "मोरीत ओतली म्हटलं असतंस तर मी रडलो असतो, मग हसलो असतो. वडीलही हसले असते."

तो गाडीत बसला, बाटली मांडीवर घेऊन.

"त्या मुलाचं नाव काय?"

मला नाव माहीत नव्हतं. त्यानं दार लावून घेतलं. छाटणीला मी गेलो नाही, त्यानं बोलावलं नाही. संध्याकाळी फोनवर एक फोटो आला: कापलेली काडी, आणि खाली वाळूवर लाल ओला डाग. पुढच्या आठवड्यात तो सिक्युरिटीवाल्यांच्या ऑफिसात गेला, बाटली सापडली, चूक आपलीच होती, असं सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. ते म्हणाले, तो केव्हाच नेपाळला गेला, आता काय करायचं? त्या दिवशी त्याचा एका शब्दाचा मेसेज आला. बिष्णू. मी उत्तर दिलं नाही. काम संपवून द्रागान गेला तेव्हाही ऑफिसातल्या सगळ्यांसारखा मी त्याच्याशी हात मिळवला, एवढंच.

सामने झाले. आम्ही रस्त्यांवर उभे राहून झेंडे बघितले. मग निवृत्ती, नाशिक.

दोह्याहून परतलेली आमची काही कुटुंबं वर्षातून एकदोनदा भेटतात. तिथे दोन किस्से हमखास निघत. एक सुनंदाचा, आंबलेल्या आगळाचा. तो ऐकून सगळे पोट धरून हसत. दुसरा कुणीतरी सांगायचं: अल दुहैलच्या गेटवरचा तो पहारेकरी आठवतो, इतका गोड बोलायचा आणि दारू चोरताना सापडला. एकाच जेवणात, कधी एकापाठोपाठ एक, हे दोन किस्से मी ऐकले आहेत. ते एकाच बाटलीचे आहेत हे त्या खोलीत एकट्या मला माहीत असायचं, आणि मी वाढलेलं जेवत राहायचो.

या वर्षी छाटणीहून परतल्यावर मी सुनंदाला सांगितलं. ती ओट्याशी उभी होती, खाली बसली. तिनं रडारड केली नाही. एवढंच विचारलं, "मी त्येका लाडू दित होतंय, तो?" मी हो म्हटलं. मग म्हणाली, इतकी वर्षं तुम्ही मला त्या गोष्टीवर लोकांना हसवू दिलंत.

मागच्या रविवारी सगळे जमले होते. कुणीतरी म्हणालं, वहिनी, ती आगळाची गोष्ट होऊन जाऊ द्या. सुनंदानं पदर खोचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ती आता ह्यांनी सांगायची."

मी सांगितली. नीट जमली नाही, मध्येच थांबलो, कोणी हसलं नाही. तिथे नसलेल्यांसाठी, आणि हा किस्सा जिथे जिथे गेला असेल तिथल्यांसाठी, ती इथे लिहिली आहे. त्या खोलीत मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं, तेही लिहितो. बिष्णूनं माझ्या गाडीतून काहीही घेतलं नाही. माझी गाडी त्यानं कधी उघडलीच नव्हती.